शकूच्या दाराशी

९ मे २००४, रविवार

पोचले. खरं तर पोचलो असं लिहायला हवं, पण लग्नाला आठवडाच झालाय आणि हात अजून एकटीचंच लिहितो. नागपूरच्या बसनं रात्रभर हाडं खिळखिळी केली. पहाटे तिलवाऱ्याच्या पुलावर नीलकंठनं मला हलवून उठवलं आणि खिडकीतून नर्मदेत नाणं टाकायला लावलं. माझा नेम असा की नाणं कठड्यावर आपटून परत रस्त्यावर आलं. तो हसून म्हणाला, चलो, पुढच्या वेळी.

दारात आत्या भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिला सासू म्हणायला जीभ वळत नाही आणि वळवायची मला घाईही नाही. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात हीच इंदिराआत्या वर्ध्याला येऊन माझ्या केसांतला गुंता काढायची, काढता काढता धपाटेही घालायची. आतेभावाशी लग्न ही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे. आत्यासुद्धा अशीच आपल्या आतेभावाच्या घरी आली होती. जबलपुरात आमच्यातली घरं मोजकी, त्यामुळे नात्यातच जमलं की सगळे खूश. प्राणिशास्त्र शिकवणारी मुलगी असं लग्न करते कशी, असं कॉलेजात मला दोघींनी विचारलं. मी म्हटलं, आधी नीलकंठला बघा, मग बोला.

घर विजय नगरात आहे, छोटं पण लखलखीत. खाली तीन खोल्या. जिना गच्चीवर उघडतो आणि गच्चीवर एकच खोली, तिच्या दारावर गोणपाटाचा पडदा. तिथे शकू असते, नीलकंठची धाकटी बहीण. मी तिला ती रांगत होती तेव्हा पाहिलेलं. नंतर ताप डोक्यात गेला, असं आम्हाला वर्ध्याला कळलं होतं. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली आत्याच्या कंबरेला, आणि दाराशी एक जाडजूड सोटा टेकवलेला. हा कशाला, विचारलं, तर आत्या म्हणाली माकडांसाठी. दिवसभरात एकही माकड दिसलं नाही. असेल, तीही आत्याला घाबरत असतील.

१३ मे

नवऱ्याच्या नोकरीबद्दल आज सविस्तर धडा मिळाला. तो संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस आहे. धातूचे नग त्याच्या टेबलावर येतात, तो भिंगातून बघतो, आणि ज्याला केसाएवढा तडा असेल त्यावर लाल रंगाचा ठिपका देतो. ठिपका पडला की नग बाद. मी विचारलं, दुरुस्त नाही करत? तो म्हणाला, तडा भरत नाही, तडा वाढतो, एक खराब नग पूर्ण पेटी खराब करतो. हे सांगताना तो बटाटे निवडत होता. डोळा फुटलेले सगळे त्यानं टोपलीबाहेर काढले. भाजीला चारच उरले.

तो लाल रंग पाण्यानं निघत नाही. रोज संध्याकाळी अंगणातल्या नळाशी रॉकेलच्या बोळ्यानं बोटं पुसत बसतो आणि शीळ घालतो. माझ्या ट्रंकेची किल्ली प्रवासात हरवली, तर त्यानं नुसतं कुलूप पाहून कानशीनं नवी घासून दिली. पहिल्या फटक्यात लागली. इतका गुणी माणूस मला मिळाला म्हणून मी आज मनात देवाचे आभार मानले.

२० मे

आज शकूला पाहिलं.

नीलकंठ कामावर गेल्यावर आत्या मला वर घेऊन गेली. आत मिट्ट काळोख, खिडकीला काळा कागद. खाटेवर एक म्हातारी बसली होती, सहा वर्षांच्या मुलीएवढी. डोळे खोल गेलेले, त्यांत मोतीबिंदू. दात पडलेले, हाताच्या काड्या, कान तेवढे मोठे. मी वाकून नमस्कार करणार होते. आत्या म्हणाली, अवो तुही नणंद होय, एकोणीस पूर्ण झाले तिले. शकूनं माझा हात चाचपून बांगड्या वाजवल्या आणि हसली.

वारा यावा म्हणून मी खिडकीचा कागद कोपऱ्यातून उचलला. आत्यानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी खाटेवर पडले. उन्हाची चीर शकूच्या मनगटाला लागली होती, क्षणभरच. आत्या तिचं मनगट पदरात धरून बसली. मग मला म्हणाली, काहून उघडलं? मी त्या मनगटाकडे बघत होते आणि आजार मला एकदम कळला होता. हा ताप नव्हे. हे मी पुस्तकात वाचलंय, पोरांना शिकवलंय.

गाल अजून ठणकतोय. पण राग येत नाही. लाज वाटते.

२३ मे

आज दुपारी नीलकंठ पाण्याची टाकी बघायला जिना चढला. आत्या स्वयंपाकघरातून धावली, वरचा सोटा उचलला आणि त्याच्या नडगीवर हाणला. हाड वाजल्याचं मला खाली ऐकू आलं. तो लंगडत खाली आला, माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, आई अशीच आहे, बचपन से, शकूच्या जवळ कोणाला जाऊ देत नाही. मी हळद लावली. पोटच्या मुलाला जनावरासारखं मारणारी ही बाई माझे केस विंचरायची, हे खरं वाटेना.

६ जून

मास्तरकी सुटत नाही. आज नीलकंठला शकूचा आजार समजावला. स्वयंपाकघरात फाटकी चादर घेऊन बसले होते, तीच हाताशी धरली.

प्रत्येक पेशीत डीएनएचा दुपदरी धागा असतो, म्हटलं. ऊन, धूर, नुसता श्वाससुद्धा तो रोज फाडत असतो. पण पेशीत रफूगर असतात. फाटकी जागा शोधायची, दोन्हीकडून कातरून काढायची, समोरच्या पदरात काय आहे ते पाहून तसंच नवं विणायचं. तुझ्या-माझ्यात हे काम अखंड चालू असतं म्हणून आपण तरुण. शकूत रफूगर आहेत, पण त्यांना हाक मारणारा नाही. धागा वाचत जाणारं यंत्र फाटक्या जागी अडकून पडतं आणि कोणी येतच नाही. अशा पेशी मरत जातात. म्हणून एकोणिसाव्या वर्षी ऐंशीचं शरीर. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच हे होतं, आणि नात्यातल्या लग्नात तशी गाठ सहज पडते.

नीलकंठ असा ऐकत होता की वर्गातल्या एकाही पोरानं कधी तसं ऐकलं नसेल. मग विचारलं, रफू होतच नसेल तर शरीर काय करतं? मी फुशारकीनं सांगितलं, फार बिघडलेली पेशी शरीर स्वतःच संपवतं, तिच्यापायी बाकीचं बिघडू नये म्हणून. त्यानं मला हे पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, अच्छा, म्हणजे काढून टाकणं हीसुद्धा दुरुस्तीच झाली. मी शाब्बास म्हटलं.

आत्या दाराशी उभी होती. हातातलं ताट तिनं भिंतीवर फेकलं. त्याले काही शिकवत नको जाऊ, म्हणाली. वरण भिंतीवरून ओघळत होतं. मी पुसत बसले आणि मनातल्या मनात तिला अडाणी म्हटलं.

२७ जून

फाटकापाशी कुत्र्याचं पिल्लू स्कूटरखाली आलं. मागचा पाय लोंबत होता, केकाटत होतं. मी हळद आणि चिंधी आणायला आत पळाले. बाहेर आले तर आवाज बंद. नीलकंठच्या हातात वीट होती. त्यानं आणखी एकदा मारली, नीट, मोजूनमापून. माझ्या साडीवर उडालं. म्हणाला, दुखत होतं त्याला. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. केवढं हळवं मन, असं मला तेव्हा वाटलं, आणि आताही वाटतंय. फक्त नळाखाली हात धुताना तो शीळ घालत होता, तेवढं बरं नाही वाटलं.

२ ऑगस्ट

दिवस राहिलेत. डॉक्टरीणबाईंनी आज नक्की सांगितलं. मी आधी हसले आणि रिक्षात बसल्यावर हिशेब मांडला. दोघंही वाहक असलो तर चारांत एकाची भीती. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आपल्याकडे ही चाचणी सहज होत नाही, बाळ होऊ द्या, मग पाहू. घाबरू नका, असंही म्हणाले. ते त्यांना सोपं आहे.

आत्याला सांगितलं तर ती खाली बसली. मग माझा हात इतका आवळला की बांगडी फुटून रुतली. नीलकंठले सांगू नको, म्हणाली, वर्ध्याले जाय, तिकडंच राह्य. बापाला न सांगता? आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. नीलकंठला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं ओमतीच्या बाजारातून खोव्याची जलेबी आणली आणि माझ्या पोटावर कान ठेवून बराच वेळ बसला.

२९ ऑगस्ट

शेजारच्या बेबीताई तारघरातून निवृत्त झाल्यात, त्यांना सगळ्या गल्लीची माहिती. आज लोणच्याच्या निमित्तानं आल्या आणि आवाज खाली करून सांगून गेल्या. नीलकंठ आणि शकूच्या मध्ये एक मुलगा झाला होता. सव्वा महिन्यानं रीतीप्रमाणे त्याला ऊन दाखवायला तिलवाऱ्याच्या घाटावर नेलं. सूर्यदर्शन झालं आणि पुढच्या दोन दिवसांत पोराच्या अंगावर फोड आले. आठवड्यानं पुन्हा नवस म्हणून तिलवाऱ्याला गेले आणि पोर नदीत गेलं. पाय घसरला म्हणे. लोक आत्याकडे बोट दाखवायचे. आत्या ना रडली ना बोलली. नीलकंठ बिचारा आठ-नऊ वर्षांचा, भावाला दिवसभर कडेवर घेऊन फिरायचा, त्या दिवशीही त्याच्याच कडेवर होतं, मग आईनं घेतलं असणार. शकूच्या वेळी आतोबांनी, ते तेव्हा हयात होते, म्हणे सूर्यदर्शन करूच दिलं नाही.

त्या गेल्यावर मी दाराला कडी लावून बसले. मी आई होणार आहे आणि माझं बाळ या बाईच्या घरात जन्माला येणार आहे.

१७ ऑक्टोबर, रविवार

शकू गेली. लिहायचंच ठरवलंय.

आत्याला कालपासून ताप होता. डॉक्टरांची गोळी मीच दिली, तिला गाढ झोप लागली. नीलकंठ ओमतीला सामान आणायला गेला. जेवण झाल्यावर माझाही डोळा लागला. ऑक्टोबरचं ऊन मेपेक्षा वाईट. जागी झाले ती नीलकंठच्या हाकेनं.

शकू गच्चीवर होती. टाकीच्या नळाला लुगड्यानं बांधलेली, तोंडात बोळा. उघडी. चेहरा सुजून डोळे दिसत नव्हते. कातडी भाजलेल्या वांग्यासारखी सुटत होती. टाचा घासून घासून हाडापर्यंत गेल्या होत्या. तिनं किती वेळ पाय झाडले असतील आणि मी खाली पंख्याखाली झोपले होते.

खोलीचं कुलूप नीट उघडलेलं. किल्ली आत्याच्या कंबरेला तशीच. आत्या उठली, वर आली, तिनं शकूकडे पाहिलं आणि डोकं टाकीवर आपटायला लागली. रक्त तिच्या तोंडात जाईपर्यंत. दोघांनी ओढलं तरी ऐकेना. मग एकदम कोसळली. अर्धं अंग आणि वाचा गेली.

अंघोळ मी घातली शकूला. कातडी हातात येत होती. डाव्या पायाच्या तळव्यावर वाळलेल्या रक्ताचा डाग होता, पाण्यानं काही केल्या निघाला नाही. तसाच राहू दिला.

२५ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले आजारच तसा होता, आणि कागद लिहून दिला. नीलकंठनं मला हात जोडून सांगितलं, आईनंच केलं, थकली होती, पण पोलिसांत कसं देऊ तिला? लकवा झालेली बाई आता कोणाचं काय करणार? मी मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी निघून जायला हवं. बाबांना फोन केला. पण रक्त दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणतात वार खाली आहे, बसचा एक धक्का बसला तर बाळ जाईल, पडून राहा. पडून आहे.

१९ डिसेंबर

आत्या सरकत सरकत चालायला लागली आहे. उजवा हात लुळा. डाव्या हातात तो सोटा. दिवसभर माझ्या दाराशी बसून राहते. नीलकंठ आत यायला लागला की घशातून आवाज काढते, सोटा उचलते. काल त्याच्या कपाळावर बसला, टाके पडले. त्यानं उलट एक बोटही उचललं नाही. मी ओरडले तिच्यावर. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. ती नजर मला झोपू देत नाही.

२४ मार्च २००५

मुलगी. रेवा. नीलकंठनं नाव ठेवलं, नर्मदेचं. रडली जोरात, रंग चांगला, डोळे लख्ख. सगळं ठीक दिसतं. ठीकच आहे.

आत्यानं तिला पाहिलं आणि तोंड वेडंवाकडं करून रडली. मी रेवाला दुसऱ्या कुशीवर घेतलं.

२८ एप्रिल

सव्वा महिना होतोय. नीलकंठ सूर्यदर्शनाचं विचारून राहिला. मी टाळते. म्हणतो, एकदा कळून जाईल. गोड बोलतो, पण रोज विचारतो.

२९ एप्रिल

मलाच राहवलं नाही. खिडकीतून उन्हाचा कवडसा पडला होता. रेवाचा डावा पाय त्यात धरला. फक्त पाऊल. थोडाच वेळ. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, मला माहीत करून घ्यायचं होतं. देवा, नको.

१ मे

लाल झालं. आज फोड. घोट्यापर्यंत, तंतोतंत कवडसा पडला होता तिथवर.

तिच्यात रफू होत नाही. माझ्या रेवात.

तिला घेऊन शकूच्या खोलीत आले आहे. काळा कागद आहे, इथे ऊन येत नाही. आत्या पाठोपाठ जिना चढून आली. एकेक पायरी बसून. दाराबाहेर सोटा घेऊन बसली आहे, जशी शकूच्या वेळी बसायची.

नीलकंठला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यानं मला जवळ घेतलं, म्हणाला, मी आहे ना. कुठला पाय, तेवढं विचारलं.

२ मे, सोमवार

सकाळी कामावर जाताना रेवाच्या डाव्या पायाची पापी घेतली त्यानं. मोजा स्वतः चढवला. आत्या तेव्हा खाली न्हाणीत होती. दुपारी गाडी घेऊन येतो म्हणाला. तिलवाऱ्यावर थांबून नर्मदेचं पाणी लावू, ऊन उतरल्यावर, मग तसेच नागपूरला डॉक्टरांकडे. आईला कळू देऊ नको. पिशवी भरून ठेवली आहे. जीव जरा खाली पडला.

दुपार

लिहिते.

आत्यानं पिशवी पाहिली. ति, ति, करायला लागली. मी म्हटलं हो, तिलवारा, आम्ही जातो आहोत. ती अंगावर आली. रेवाचं दुपटं दातांत धरून ओढलं. सोटा वर. मी तो हिसकला. मारला. डोक्यावर. तिनं दुपटं सोडलं नाही, मग आणखी एकदा. ती मागं गेली, जिन्यात, खालपर्यंत

खाली गेले. डोकं फुटलंय. पांढरं दिसतंय. जिवंत होती. माझा पदर धरला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे. इतक्या महिन्यांत शब्द नव्हता फुटला, आता फुटला. लगीन केलं की सुधरंल, वाटलं. माह्या नीलू. सुधरंल वाटलं, पोरी.

मग डोळे तसेच.

काय सुधरेल—कोण—

वर आले. रेवा रडत होती, मोजा ओला झालेला. काढला. फोडाच्या खाली, तळव्यावर, लाल ठिपका. गोल. रक्त नाही. थुंकी लावून घासलं. निघत नाही. पाण्यानं निघत नाही—

शकूच्या तळव्यावरचा. तो पण—

कानस. किल्ली. माझ्याच ट्रंकेची किल्ली मी—

सोटा त्याच्यासाठी होता. इतकी वर्षं. आणि मी तिला—

स्कूटर. गाडी नाही, त्याची स्कूटरच आहे.

या दाराला आतून कडी नाही. बाहेरूनच कुलूप. आत कडी कशाला कोण लावील, आत्या होती ना बाहेर. सोटा खाली राहिला, जिन्यात. पाठ लावून बसले आहे. रेवा मांडीवर.

थांबला जिन्याशी. आईला हाक मारली नाही. ओलांडली असेल. शीळ घालतो आहे.

पायरी. पायरी.

गोणपाट सरकलं. दाराला टेकून बसलाय, माझ्याच पाठीशी, मध्ये फळी. घाई नाही त्याला. म्हणतो, विभा, तूच तर शिकवलं. म्हणतो, बाकीचं घर वाचतं. आवाज किती मऊ—

बाबा, वर्ध्याला

ढकलतो आहे. पाय रोवलेत खाटेला. खाट सरकते. दार बोटभर, उन्हाची चीर आत आली, रेवाच्या तोंडाव